तिसरी मूठ

पिसाताई चौदा नंबरच्या स्लीपिंग बॅगेत डोकं घालून खांद्यांपर्यंत शिरली, डोळे मिटले आणि तिने पोट फुगेपर्यंत श्वास घेतला.

"काय म्हणतेय?" लीडरबाईने दारातून विचारलं. तिची सॅक अजून पाठीवरच होती आणि उन्हाने नाकाचं साल निघालं होतं.

"हिच्यात झोपणाऱ्याने पडल्या पडल्या बिस्किटं खाल्लीत," बॅगेतून आवाज आला. "आणि पायमोजे चार दिवस तेच."

"बँकवाले काका."

"कोणी का असेना. टबात."

चौदा नंबर डावीकडच्या ढिगात गेली. उजवीकडचा ढीग नुसत्या उन्हाचा, डावीकडचा साबणाचा. ट्रिपहून मंडळी परत आली की पहिला दिवस हा असा वास घेण्यात जायचा. डॉक्टर नाडी बघतो तशी पिसाताई बॅगा बघायची, आणि तिचं निदान डॉक्टरपेक्षा बरं असायचं, असं क्लबमध्ये सगळे म्हणत. कोण रडलं, कोणी तोंडाला काय फासलं, कोणी लपून सिगरेट ओढली, हे तिला घरबसल्या कळायचं. सांगायची मात्र नाही. फार तर बिस्किटांचं सांगायची.

गिर्यारोहण क्लबच्या इमारतीमागची पत्र्याच्या छपराची लांबट खोली, तिला स्टोअर म्हणत. तिथे तंबू होते, दोर होते, काळीकुट्ट भांडी होती. पण पिसाताईचा जीव होता तो चाळीस स्लीपिंग बॅगांत. बदकाच्या पिसांनी भरलेल्या, हलक्या, उबदार आणि प्रकृतीने एकदम नाजूक. मंडळी आठ-दहा दिवस बर्फात राहून यायची, फोटो दाखवत फिरायची, आणि त्यांच्या घामाने जड झालेली अंथरुणं मागच्या दारात टाकून घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ करायची. त्यापुढचा आठवडा पिसाताईचा. टबात कोमट पाणी, अगदी बेताचा साबण, पिळणं नाही, चोळणं नाही, बाळाला न्हाऊ घालावं तसं नुसतं दाबायचं. मग जाळीवर आडवं पसरायचं, दर दोन तासांनी उलटायचं. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. केसांत कायम एखादं पांढरं पीस अडकलेलं, म्हणून ती पिसाताई. हे नाव तिच्या धाकट्या भावाने ठेवलेलं. तो याच क्लबचा लीडर होता. नाव ठेवणारा गेला आणि नाव तेवढं राहिलं.

ढीग संपत आला. पिसाताई एकेक नंबर मनात खोडत होती. पंधरा आली, सोळा आली, अठरा आली. ती उठली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "सतरा कुठाय?"

"अगं, ती मास्तरांकडे आहे. स्वतः आणून देतो म्हणाले. परवा येतील."

"कोण मास्तर?"

"आमच्यातले एक होते. भूगोलाचे. बुटकेसे. त्यांना सगळ्या बॅगा लांब होत होत्या, म्हणून तर मी सतरा घेतली. तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस ना तेव्हा." लीडरबाईने सॅक उतरवली. "रागावू नकोस. चिठ्ठीवर 'दुरुस्ती' लिहिलं होतं, पण मी उघडून बघितली. चेन चांगली, कापड चांगलं. काय दुरुस्त करायचं राहिलंय तिचं?"

गेले नऊ दिवस पिसाताईने शेवटच्या खुंटीकडे पाठ करून काम केलं होतं. ती खुंटी रिकामी बघायची तिला सवय नव्हती. अकरा वर्षं तिथे सतरा नंबर लटकत होती, चेनीला 'दुरुस्ती'ची चिठ्ठी बांधून. दर वर्षी सेक्रेटरी विचारायचे, "ताई, ही दुरुस्ती आहे की बाळंतपण?" आणि दर वर्षी ती म्हणायची, "चेन मिळत नाही त्या मापाची." सेक्रेटरी हसून पुढे जायचे. त्यांनाही त्या बॅगेला हात लावायला आवडत नसणार. त्या बॅगेतूनच धाकट्याला खाली आणलं होतं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या तळावर दोन दिवस वादळ झालं, तंबू फाटला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे लीडर गारठून गेला. कमिटी बसली, कमिटीने अहवाल दिला. अहवालात 'हवामान' हा शब्द नऊ वेळा होता. एवढा सहा फुटी माणूस आपली लांब बॅग सोडून सतरा नंबरच्या आखूड बॅगेत कसा, यावर एक ओळ होती: वादळाच्या धांदलीत हाताला लागेल ती बॅग घेतली असावी.

जे कोणालाच ठाऊक नव्हतं, ते पिसाताईला ठाऊक होतं.

पिसांचं एक आहे. वरचं कापड तासाभरात वाळतं आणि हाताशी लबाडी करतं. आतली पिसं ओली असली तर एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, आणि गोळे झालेल्या पिसांत ऊब धरत नाही. तशीच बॅग पिशवीत कोंबून चार दिवस नेली तर ओल आतल्या आत पसरते. म्हणून तीन मुठींचा नेम होता. छातीपाशी पहिली मूठ, पोटापाशी दुसरी, पावलांपाशी तिसरी. मुठीत धरायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. पिसं फुगून वर आली तर ठीक. बोटांना लिंबाच्या बीएवढंही काही लागलं तर पुन्हा जाळीवर. तिन्ही मुठी झाल्या की पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर नंबर, त्याखाली 'सुकली' आणि त्याखाली 'ताई'. चिठ्ठी चेनीला. हा नेम बहीणभावांनी मिळून बसवला होता. त्याला वर हात गारठल्यावर त्याचं महत्त्व कळलं होतं आणि तिला खाली बसून.

त्या वर्षी मोहिमेच्या तीन दिवस आधी सतरा नंबरच्या पायाशी कोणीतरी रॉकेल सांडलं. पिसाताईने तेवढा भाग दोनदा धुतला. निघायच्या सकाळी गाडी दारात आली, धाकटा हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता, "ताई, आटप. बर्फ वितळून जाईल तोवर." ती हसली. हसत हसतच तिने पहिली मूठ धरली, दुसरी धरली, दोन्ही कोरड्या. मग चिठ्ठी लिहिली, बांधली आणि बॅग पिशवीत भरून गाडीत फेकली. तिसरी मूठ राहिली हे तिला दुपारी जेवताना आठवलं. भाताचा घास हातातच राहिला. मग तिने स्वतःची समजूत घातली. दोन मुठी कोरड्या होत्या, तर तिसरी ओली कशी असेल.

बातमी आली ती बाराव्या दिवशी. पाठोपाठ बॅगही आली, गोठलेली, दगडासारखी. वितळल्यावर तिने ती चाचपली. पायाशी गोळे होते. पण गोळे छातीशीही होते, पोटाशीही होते. फाटक्या तंबूत दोन दिवस बर्फ आत आला होता, सगळीच बॅग भिजलेली. त्यातलं कुठलं पाणी वरचं आणि कुठलं स्टोअरमधलं, हे आता देवाला विचारलं तरी त्याला सांगता आलं नसतं. चेनीला चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी असती तर काय झालं असतं, हेही तिला सांगता आलं नसतं. पण ती नव्हती, याची तिला भीती वाटायची. आपल्या हातचा 'सुकली' शब्द कुठेतरी मोकळा फिरतोय, असं वाटायचं.

आई पुढे सहा वर्षं जगली. शेवटपर्यंत बर्फाला शिव्या देत गेली. पिसाताई तिच्या पायांना तेल चोळत ऐकत राहिली.

धुलाईचे दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी पंधरा बॅगा टबातून निघाल्या. दुसऱ्या दिवशी बँकवाल्या काकांची चौदा आणि कोणा बाईची बारा नंबर, जिच्या पायाशी अख्खा कप चहा सांडला होता. कामात तिचं लक्ष नव्हतं असं नाही म्हणता येणार. तिचे हात कधी चुकत नसत. म्हणजे, एकदा सोडून.

दुपारी दोन-अडीचच्या सुमारास मात्र ती स्टोअरमध्ये थांबायची नाही. अंगणात स्टुलावर बसून चहा प्यायची. त्याचं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पत्रा तापला की जाळीवर पसरलेल्या बॅगा हळूहळू फुगायला लागतात. पिसांचा तो स्वभावच आहे, ती सव्वीस वर्षं बघत आली होती. आधी छाती वर येते, मग पोट. आत कोणी झोपलंय आणि श्वास घेतंय असं वाटतं. एके काळी तिला ते बघायला फार आवडायचं, धाकट्याला बोलावून दाखवायची, "बघ, जाग आली यांना." धाकटा गेल्यावर धुतलेली सतरा नंबर तिने पहिल्यांदा जाळीवर टाकली, त्या दुपारी ती अशीच बघत उभी होती. छाती वर आली. पोट वर आलं. पाय आले नाहीत. पावलांच्या जागी कापड सपाट पडून राहिलं, संध्याकाळपर्यंत. चौथ्या दिवशी तेही फुगलं. पण त्यानंतर कितीही कडक ऊन असलं तरी शेवटच्या खुंटीच्या कोपऱ्यातून तिला ओल्या पिसांचा वास यायचा. ओल्या कोंबडीसारखा. दुसऱ्या कोणाला येत नसे. तिने चारचौघांना विचारून पाहिलं होतं, उंदीर मेलाय का बघा म्हणून. सगळे हुंगायचे आणि नाही म्हणायचे.

बॅग गेल्यापासून खुंटी रिकामी होती. वास तरीही होता.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मास्तर आले. पन्नाशीचे, लहान चणीचे, डाव्या पायाने किंचित लंगडत. बॅग त्यांनी दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, पिशवीत कोंबली नव्हती. तेवढ्यावरून पिसाताईला ते आवडले.

"सतरा नंबर," ते म्हणाले. "उशीर झाला. माफ करा."

"ठेवा त्या टेबलावर. बसा ना. चहा घेणार?"

"नको." ते बसले. स्टोअरभर नजर फिरवली. "ताई, तुम्ही मला ओळखलं नसेल. मी त्या वेळी होतो. त्यांच्याबरोबर, तंबूत."

पिसाताईने टेबलाची कड धरली. तंबूत दुसरा एक जण होता, हे तिला माहीत होतं. त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली, तो दवाखान्यातून परस्पर आपल्या गावी गेला, एवढं कानावर आलं होतं. त्याचा पत्ता क्लबच्या रजिस्टरात होता. अकरा वर्षांत ते रजिस्टर तिने असंख्य वेळा पुसलं होतं, उघडलं नव्हतं.

"मग परत कसे गेलात तिकडे?" ती म्हणाली.

"सोपी ट्रिप होती. म्हटलं, एकदा बघून यावं. डोंगर आहे तसाच आहे." मास्तर टक्कलावरून हात फिरवत होते. "पण तळावर बाईंनी बॅग दिली आणि बघतो तर सतरा. तेव्हाही मला हीच मिळाली होती. आखूड म्हणून."

"तुम्हाला?"

"हो, माझीच होती ती."

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. पिसाताई समोरच्या स्टुलावर बसली.

"खालच्या दोन मुक्कामांना झोपड्या होत्या," मास्तर सांगू लागले, "रजया होत्या. बॅगा उघडल्या त्या एकदम वर. वारा सुटला होता. तुमच्या भावाने सगळ्यांच्या बॅगा स्वतः पिशवीतून काढल्या. एकेक हातात घेऊन दाबून बघत होते. इथे, मग इथे, मग खाली. माझी बघताना थांबले. मला म्हणाले, मास्तर, आपण बदलू या. मला फार उकडतं, मला हीच बरी. मी म्हटलं, अहो, तुम्हाला पुरायची नाही. म्हणाले, पाय दुमडून झोपायची सवय आहे."

"नव्हती," पिसाताई म्हणाली. "हातपाय पसरून झोपायचा. अख्खी सतरंजी लागायची त्याला."

"मला वाटलंच होतं." मास्तर खाली बघत म्हणाले. "मला कळत होतं, ताई. एवढा उंच माणूस, खांदे उघडे राहणार. मी नको म्हणायला पाहिजे होतं. एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं. मला थंडी वाजत होती आणि त्यांची बॅग लांब होती, जाड होती. मी घेतली. मग दोन रात्री ते वादळ. अकरा वर्षं झाली, मला रोज त्यांचे खांदे दिसतात. आणि या खेपेला हिच्यात झोपलो, तर फार उबदार आहे हो ही. त्याचाच त्रास झाला. म्हणजे बॅगेत काही खोट नव्हती, फक्त आखूड होती, आणि आखूड बॅगेचा माणूस मी होतो."

बोलता बोलता त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. कडा मऊ पडल्या होत्या, शाई जांभळट झाली होती. सतरा. सुकली. ताई.

"हे त्यांनी चेनीवरून सोडवून माझ्या खिशात घातलं. म्हणाले, जपून ठेवा, खाली गेल्यावर ताईपुढे ठेवायचंय. तिला विचारणार आहे, तिसरी मूठ कुठे गेली म्हणून. वर्षभर चिडवीन. असं म्हणून हसले. मग ते राहूनच गेलं. मला वाटलं, तुमच्यातली काही गंमत असेल. फेकवलं नाही, पाठवायचा धीर झाला नाही." त्यांनी मान वर केली. "तिसरी मूठ म्हणजे काय, ताई?"

वरून पडलेलं पाणी की खालून गेलेलं, हे कोणालाच सांगता येणार नाही, या एका गोष्टीवर पिसाताई अकरा वर्षं दिवस काढत होती. आता तिला सांगता येत होतं. धाकट्याने तिसरी मूठ धरली होती. त्याच्या बोटांना गोळा लागला होता. आणि कोणाला न सांगता, बहिणीच्या सहीची चिठ्ठी सोडवून, तो त्या ओल्या बॅगेत शिरला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "लहानपणचा खेळ होता आमचा."

"असं होय." मास्तर उठले. "बरं झालं, तुमच्याकडे पोचली. येतो मी."

ते दाराकडे निघाले. डावा पाय टेकताना खांदा खाली जायचा, मग वर यायचा. पाठीवर अजून सॅक असावी तसे चालत होते. पिसाताई बघत राहिली. उंबऱ्याशी थांबून त्यांनी बूट घालायला वाकायचा प्रयत्न केला, भिंतीला हात टेकला, आणि तिच्या मनात आलं की हा माणूस आता घरी जाणार, जेवणार, झोपणार, आणि उद्या सकाळी उठल्यावर याला पुन्हा ते खांदे दिसणार. माझ्या वाटणीचं हा वाहतोय, आणि मी याला चहाचं विचारते.

"मास्तर," तिने हाक मारली. "जरा इकडे या."

ते परत आले. तिने त्यांना जाळीपाशी नेलं. बारा नंबर पसरलेली होती, काल दुपारी धुतलेली.

"हात बघू. इथे छातीपाशी मूठभर धरा. जोरात नको. पाच मोजा. आता सोडा. काय लागतं?"

"काही नाही. कापसासारखं."

"आता इथे, पोटाशी."

मास्तरांनी धरलं, मोजलं, सोडलं. "काही नाही. वाळलीय की."

"आता पायाशी."

त्यांनी मूठ धरली. सोडताना त्यांची बोटं अडखळली. त्यांनी पुन्हा धरून बघितलं. "इथे गोळा आहे काहीतरी. छोटा. गार लागतोय."

"चहा सांडला होता, म्हणून तिथे दोनदा धुतलीय. ती तिसरी मूठ." पिसाताईने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "सतरा नंबरवर तेव्हा रॉकेल सांडलं होतं. मी दोन मुठी धरल्या आणि 'सुकली' लिहिलं. तिसरी धरली नाही. घाई होती. घाईचं कारण देत नाही मी, घाई रोजच असते. तुमची बॅग आखूड होती म्हणून नाही गेला तो. माझी बॅग ओली होती. त्याला ते कळलं होतं, म्हणून त्याने ती तुमच्याकडून काढून घेतली. तुम्ही नको म्हणाला असतात ना, तरी त्याने घेतलीच असती. हट्टी होता."

मास्तरांचा हात बारा नंबरच्या पायावर तसाच होता. पिसाताईला वाटलं, आता हा माणूस मला शिवी देईल, आणि तिला ती ऐकायची होती. आईच्या सगळ्या शिव्या बर्फाला गेल्या होत्या.

"म्हणजे माहीत असून," मास्तर शेवटी म्हणाले.

"हो."

"दुसऱ्या रात्री मी त्यांना विचारलं होतं, बरे आहात ना. म्हणाले, माझ्या ताईने भरलेली बॅग आहे, मला काय होतंय. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. म्हणाले होते तसं."

पिसाताई तोंडाला पदर लावून रडली. अकरा वर्षांपूर्वी रडली होती तेव्हा लोक होते, धरणारे हात होते, आणि प्रत्येक हाताखाली तिला चोरी केल्यासारखं वाटलं होतं. आता मास्तर नुसते शेजारी उभे होते, ओल्या बॅगेवर हात ठेवून, आणि त्यांनी तिला उगी म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो आपल्याच डोळ्यांना लावला आणि विचारलं, "ही कधी वाळेल?"

"परवा. उलटायला लागेल."

"धरू का एका बाजूने?"

दोघांनी बारा नंबर उलटली. मग तेरा उलटली, चौदा उलटली. मास्तर निघाले तेव्हा दोन वाजून गेले होते आणि पत्रा तापला होता. पिसाताईचा चहा त्या दिवशी राहूनच गेला. तिच्या पाठीमागे बॅगा एकेक करून फुगत होत्या. तिने वळून बघितलं, आणि संपेपर्यंत बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या चिठ्ठीवरच्या 'सुकली' शब्दावर एक आडवी रेघ मारली. खाली सही होती ती तशीच ठेवली. चिठ्ठी टेबलामागच्या भिंतीवर टाचणीने लावली, प्रत्येकाची नजर जाईल अशा जागी.

"हे काय?" लीडरबाईने विचारलं.

"माझी चूक आहे. बस, सांगते. मग सेक्रेटरींनाही सांगायचंय."

लीडरबाई बसली. पिसाताईने सगळं सांगितलं, रॉकेलपासून. सांगून झाल्यावर लीडरबाईने भिंतीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग ती उठली, जाळीपाशी गेली आणि कोणी सांगितलं नसताना एकेका बॅगेच्या पायाशी मूठ धरून बघू लागली.

सतरा नंबर पिसाताईने सगळ्यांत शेवटी धुतली. मास्तरांचे नऊ दिवस तिच्यात होते; घाम, डोकेदुखीचा बाम, आणि मानेपाशी खारट डाग. पाच दिवस ती जाळीवर होती. कोपऱ्यातला वास गेला का, हे पिसाताईने हुंगून बघितलं नाही. मांजरपाटाच्या मोठ्या मोकळ्या पिशव्या ओळीने मांडून तिने एकेक बॅग आत सैल सोडली, हवा राहील अशी. सोळा झाली. अठरा झाली. मधली जागा तिने ठेवली होती.

मग तिने सतरा टेबलावर घेतली. 'दुरुस्ती'ची चिठ्ठी कापून टाकली आणि नवा पुठ्ठा पुढे ओढला.

"ताई, झालं का?" बाहेरून लीडरबाईची हाक आली. "गाडी आलीय. पुढच्या ट्रिपचं सामान चढवायचंय."

"थांब," पिसाताई म्हणाली.

तिने छातीपाशी पहिली मूठ धरली. पाच मोजले, सोडली. पिसं वर आली. पोटाशी दुसरी धरली, सोडली. वर आली. मग ती टेबलाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेली आणि पावलांपाशी तिसरी मूठ धरली. पाच आकडे मोजून सोडायची असते. तिने पाच मोजले. बोटांना गोळा लागला नाही. सहा मोजले, सात मोजले, आणि मग मोजणं थांबवलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मूठ तिने सोडली नाही.